घरोघरची यंत्रे : शीतकपाट थंड का राहत नाही?



वैशाखातल्या एका सकाळी दूध तापवायला घेतले आणि ते नासले. उन्हाळ्यात दूध नासणे ही लिहिण्याजोगी घटना नव्हे. परंतु हे दूध रात्रभर फ्रीजमध्ये होते. भांड्याला हात लावून पाहिला, तर ते माठातल्या पाण्याहून जेमतेम गार. दिवा लागत होता, मागून घरघर ऐकू येत होती, वरच्या कप्प्यात बर्फही धरला होता. मात्र खालचा सगळा भाग कोमट. नौबादच्या आमच्या घरातले हे एका दाराचे शीतकपाट नऊ वर्षांचे. पुण्याला असलेल्या मुलाने फोनवर एका वाक्यात निकाल दिला, “आई, नवीन घे.” बोलावलेल्या कारागिराने दार उघडले, मिटले आणि तितक्याच थोडक्यात सांगितले, “अम्मा, गैस खतम हो गया, भरना पडेगा.”

दूध नासले ते नासले. आमच्या घरात त्या कपाटावर याहून मोठी जोखीम होती. मामंजींचे वय ७८. गेली अकरा वर्षे ते सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन घेतात. औषधाच्या कुप्या दाराच्या वरच्या खणात असत. खालचा भाग गार नाही हे लक्षात येताच मी त्या कुप्या उचलल्या आणि घाईघाईने बर्फाच्या कप्प्यात ठेवल्या. तिथे तरी औषध नीट राहील, असा माझा समज. हा लेख लिहिण्याचे खरे कारण माझी ती चूकच आहे.

दोन दिवसांनी मामंजींना फार तहान लागू लागली, डोळ्यांवर झापड येऊ लागली. यंत्रावर साखर मोजली तर ३४० च्या पुढे. बीदरच्या डॉक्टरांना फोन केला. जेवणात काय होते, हे त्यांनी विचारलेच नाही. त्यांचा पहिला प्रश्न होता, “इन्सुलिन कुठे ठेवले होते?” मी सांगितले, आणि पलीकडे क्षणभर शांतता पसरली. इन्सुलिन एकदा गोठले की त्याचा गुण जातो. पुन्हा वितळल्यावर ते डोळ्यांना पहिल्यासारखेच दिसते, म्हणून फसगत होते. यजमानांनी तासाभरात बीदरहून नवी कुपी आणली, मामंजींना दवाखान्यात नेले आणि संध्याकाळपर्यंत साखर उतरणीला लागली. रात्री मी त्यांच्या पायाशी बसले होते. ते म्हणाले, “सूनबाई, रडून काय होणार? नवी कुपी ठेवणार कुठे, ते बोल. आणि कपाटाचे पाणी कुठे मुरते आहे, ते एकेक विहीर पाहत शोध.”

‘एकेक विहीर’ हा शब्दप्रयोग आमच्या गावचा. परगावच्या वाचकांसाठी तो उलगडून सांगते. नौबादच्या जमिनीखाली बहामनी काळातला करेझ आहे. इथले लोक त्याला सुरंग बावी म्हणतात. पंधराव्या शतकात बहामनी सुलतानांनी गुलबर्ग्याहून राजधानी बीदरला हलविली, त्या काळात इराणी पद्धतीचे हे जलमार्ग जांभ्या दगडात खोदले गेले. वर सच्छिद्र जांभा आणि खाली काळा कातळ. जांभ्यातून झिरपलेले पाणी बोगद्यात उतरते आणि अगदी मंद उतारावरून, मोटेवाचून वा पंपावाचून, आपल्या पायाने वाहत जाते. बोगद्यावर ठरावीक अंतराने उभी विवरे आहेत. त्यांतून हवा खेळते, उजेड येतो आणि गाळ काढायला माणूस उतरतो. पाणी आटले तर सगळा बोगदा कोणी उकरत नाही. उगमाकडून एकेका विवरात उतरून पाहायचे. जिथवर पाणी आहे तिथवर वाट मोकळी. ज्याच्या पुढे नाही, तिथे गाळ. कित्येक वर्षे मातीने बुजलेला हा करेझ मागील दशकात साफ होऊ लागला, तेव्हा पुष्कळशी विवरे पुन्हा उघडी झाली. मामंजी काठी टेकत ते काम पाहायला जात. फ्रीजचा दोष शोधण्याची रीत त्यांनी तिथूनच उचलली, आणि ती अगदी बिनचूक निघाली.

तर आपणही उगमाकडून निघू.

प्रथम एक गोष्ट मनात पक्की करावी. फ्रीज थंडी निर्माण करीत नाही. तो आतली उष्णता उचलतो आणि बाहेर स्वयंपाकघरात आणून टाकतो. माठ गार कसा होतो, हे आपल्याला ठाऊक आहे. पाझरलेले पाणी वाफ होताना माठातली उष्णता घेऊन जाते. फ्रीजमध्ये पाण्याच्या जागी लवकर उकळणारा वायू असतो. बर्फाच्या कप्प्याभोवतीच्या नळ्यांत तो उकळतो आणि आतली उष्णता शोषून घेतो. तळाचा कॉम्प्रेसर त्याला दाबतो, त्यामुळे तो तापतो. पाठीमागच्या जाळीत, किंवा हल्लीच्या कपाटांत बाजूच्या पत्र्याआड दडवलेल्या नळ्यांत, तो उष्णता सोडून द्रवरूप होतो. मग केसासारख्या बारीक नळीतून जाताना त्याचा दाब उतरतो आणि तो पुन्हा कप्प्याकडे वळतो. घेणे, दाबणे, टाकणे, सोडणे अशा या चार विहिरी आहेत. एकीतही गाळ साचला तर कपाट कोमटच राहते.

आता अंदाजावर न जाता मोजमाप करावे. हाताला गार लागते, ही काही परीक्षा नव्हे. खोलीचे तापमान दाखविणारा साधा तापमापक बाजारात मिळतो. ताप पाहण्याचा तापमापक या कामी चालत नाही. पेलाभर पाण्यात तो बुडवून पेला मधल्या फळीवर रात्रभर ठेवावा आणि सकाळी पहिल्यांदा दार उघडताच अंक वाचावा. तो ४ अंश सेल्सिअस वा किंचित कमी असावा. बर्फाच्या कप्प्यात उणे १८ ही उत्तम स्थिती. एका दाराच्या जुन्या कपाटात तितकी मिळत नाही. आमच्या पेल्यात त्या दिवशी १४ अंश होते.

पहिली विहीर विजेची. दिवा लागतो म्हणजे वीज पुरेशी आहे, असे समजू नये. आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारी पंप आणि पंखे एकदम चालू होतात आणि २३० व्होल्टचा दाब पुष्कळच खाली येतो. अशा वेळी दिवा मंद जळतो, पण कॉम्प्रेसर सुरूच होत नाही. काही मिनिटांच्या अंतराने ‘टक्’ असा आवाज होऊन पुन्हा शांतता होत असेल, तर कॉम्प्रेसर उठण्याची धडपड करतो आहे आणि त्याचा रक्षक त्याला थांबवतो आहे, असे ओळखावे. दाब कमी असेल तर स्टॅबिलायझर लावावा. दाब ठीक असूनही टक्-टक् चालू असेल, तर सुरुवातीचा रिले किंवा कॉम्प्रेसर बिघडला असावा. ते काम कारागिराचे. वीज जाऊन परत आल्यावर तीन ते पाच मिनिटे थांबून मगच फ्रीज लावावा. नळ्यांतला दाब समान व्हायला तेवढा अवधी लागतो.

दुसरी विहीर कळीची. आतल्या चकतीवरचे १, २, ३ हे अंक अंशांचे नव्हेत. बहुतेक कपाटांत मोठा अंक म्हणजे अधिक गारवा. ज्या घरात नातवंडे आहेत तिथे ही चकती पहिल्यांदा पाहावी. उन्हाळ्यात ती एखाददुसरा अंक पुढे सरकवावी. एकदा फिरवल्यावर परिणाम दिसायला एक अहोरात्र जाऊ द्यावे. तासातासाला चकती फिरवली, तर खरे काय ते कधीच कळत नाही.

तिसरी विहीर उष्णता टाकण्याची. आमचा गाळ इथे सापडला. फाल्गुनात पुतणीच्या लग्नासाठी घराला रंग काढला, तेव्हा चार माणसांनी फ्रीज उचलून पश्चिमेच्या भिंतीला अगदी चिकटवून ठेवला होता. एका अंगाला ज्वारीचे पोते टेकलेले. दुपारनंतर खिडकीतून ऊन थेट त्याच्या कुशीवर पडे. पाठीमागच्या जाळीवर रंगकामाची पांढरी भुकटी आणि कोळिष्टके यांचा बोटभर थर बसलेला. बिचारा वायू उष्णता टाकणार तरी कुठे? अशा कपाटाचा कॉम्प्रेसर दिवसभर राबतो, बिल वाढवतो आणि तरी दूध नासते.

यावर उपाय सोपा आहे. प्रथम वीज बंद करून वायर काढावी. फ्रीज भिंतीपासून वीतभर पुढे घ्यावा. मऊ ब्रशाने जाळी वरून खाली झाडावी; पाणी ओतू नये, नळी वाकवू नये. दोन्ही बाजूंस व माथ्यावर हवा खेळेल एवढी जागा सोडावी. चूल, गॅसची शेगडी आणि ऊन यांपासून कपाट दूर न्यावे. बाजूचा पत्रा गरम लागणे हा दोष नव्हे. उष्णता बाहेर पडते आहे, याची ती खूण आहे.

चौथी विहीर दाराची. दाराच्या कडेने फिरणारी रबरी पट्टी जिथे सैल पडते, तिथून बाहेरची गरम दमट हवा आत शिरते. परीक्षेला दहा रुपयांची नोट पुरते. दारात नोट धरून दार लावावे आणि ओढून पाहावे. अडकत अडकत निघाली तर पट्टी ठीक. अलगद निघाली तर तिथे फट आहे. चारही बाजूंनी हात-हातभर अंतरावर हे करावे. आमची नोट खालच्या डाव्या कोपऱ्यात अशी निघाली की जणू दार लावलेच नव्हते. तिथे लोणच्याचा खार वाळून पट्टी ताठरली होती. कोमट साबणाच्या पाण्याने पट्टी पुसली, गरम पाण्यात पिळलेले फडके थोडा वेळ धरून तो कोपरा मऊ केला आणि बोटांनी बाहेर ओढून बसविला. पट्टी फाटली असेल तर मात्र ती बदलावीच लागते. पुढचे पाय किंचित उंच ठेवावेत, म्हणजे दार आपोआप मिटते.

पाचवी विहीर आतल्या मांडणीची. बर्फाचा थर पाव इंचाहून जाड झाला की तो दुलईसारखा आड येतो. तेव्हा फ्रीज बंद करून बर्फ आपोआप वितळू द्यावा. सुरीने किंवा उलथन्याने खरवडू नये, कारण त्या पत्र्याआडच वायूच्या नळ्या असतात. एक भोक पडले की शे-दोनशेचा प्रश्न हजारांत जातो. गरम आमटी तशीच आत ठेवू नये, आणि निवायची म्हणून रात्रभर ओट्यावरही राहू देऊ नये. पसरट भांड्यांत काढून दोन तासांच्या आत ती आत जावी. फळ्यांवर कागद वा प्लॅस्टिक अंथरून हवेची वाट अडवू नये. दोन दारांच्या, बर्फ न धरणाऱ्या कपाटात वरचा भाग गोठतो आणि खालचा कोमट राहतो असे झाले, तर गार हवेचा मार्ग अडला आहे असे समजावे. पिशव्यांनी जाळी झाकली गेली असेल, आतला पंखा थांबला असेल किंवा बर्फ वितळविणारी तार निकामी झाली असेल. पहिले आपल्या हातचे. उरलेली दोन कारागिराची.

या पाचही विहिरी मोकळ्या निघाल्या तरच सहावीकडे वळावे. ती वायूची. कॉम्प्रेसर न थांबता चालतो, पाठीमागची जाळी मात्र गरमच होत नाही. कप्प्यात एखाद्याच कोपऱ्यात बर्फ धरतो. नळीच्या जोडावर तेलकट डाग दिसतो. ही लक्षणे दिसली की वायू गळाला असण्याचा संभव मोठा. परंतु फ्रीजमधला वायू हा शेगडीच्या सिलिंडरसारखा वापराने संपणारा नव्हे. बंद नळ्यांत तो वर्षानुवर्षे तोच फिरत राहतो. तो कमी झाला याचा अर्थ कुठेतरी भोक आहे. भोक न बुजवता वायू भरणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे. म्हणून कारागिराला नम्रपणे तीन प्रश्न विचारावेत. गळती कुठे आहे? ती बुजवल्यावर नळ्यांतली हवा पंपाने काढणार का? आणि कपाटाच्या पट्टीवर जो वायू लिहिला आहे, तोच भरणार का?

तिसरा प्रश्न सुरक्षिततेचा आहे. पूर्वीच्या फ्रीजमध्ये आर-१२ हा वायू असे. तो आकाशातल्या ओझोनच्या कवचाला घातक ठरल्याने १९८७ च्या माँट्रियल करारानुसार तो टप्प्याटप्प्याने बंद झाला. त्यानंतर आर-१३४ए आला, आणि आता घरगुती कपाटांत आर-६००ए, म्हणजे आयसोब्यूटेन, पुष्कळ आढळतो. हा ज्वलनशील आहे. अशा कपाटाच्या नळ्या बंद खोलीत ज्योत पेटवून डाखणे धोक्याचे. पट्टी वाचून न घेता जो कारागीर लगेच सिलिंडर काढतो, त्याला चहा पाजून परत पाठवावे.

आमच्याकडे सहावी विहीर उघडावीच लागली नाही. जागा बदलली, जाळी झाडली, पट्टी बसविली, साचलेला बर्फ वितळवला. खर्च एका ब्रशाचा आणि एका तापमापकाचा. दुसऱ्या दिवशी सकाळी पेल्यात ७ अंश होते, तिसऱ्या दिवशी ४. मामंजींनी चष्मा वर करून तो अंक स्वतः वाचला.

मधले ते दोन दिवस नवी कुपी कुठे ठेवली, हे ज्यांच्या घरी असे औषध आहे त्यांनी लक्षपूर्वक वाचावे. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवतात. ते बर्फाच्या कप्प्यात किंवा त्याला लागून कधीही ठेवू नये. दाराचा खण वा मधली फळी बरी. उघडलेली कुपी बहुतेक प्रकारांत सुमारे चार आठवडे सौम्य तापमानात, म्हणजे २५ ते ३० अंशांच्या आत, टिकते. नेमका काळ वेष्टणावर छापलेला असतो. परंतु आपल्या वैशाखात खोलीच ४० ला टेकते. मामंजींच्या सांगण्यावरून आम्ही एका मोठ्या कुंडीत वाळू घातली, तीत लहान मडके बसविले, वाळू पाण्याने भिजवली आणि वर ओले फडके टाकले. कुपी आधी घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात, आणि डबा मडक्यात. कुंडी सावलीत, वाऱ्याच्या वाटेवर. बाहेर ४० असताना मडक्यात २५ च्या आसपास पारा राहिला. हवा कोरडी असेल तरच ही युक्ती चालते. आषाढातल्या दमट हवेत ती निरुपयोगी. हा दोन दिवसांचा आधार आहे, फ्रीजचा पर्याय नव्हे. गोठलेली किंवा उन्हात राहिलेली कुपी कितीही महाग असली तरी फेकून द्यावी, आणि शंका आली की डॉक्टरांना विचारावे. मी दोन दिवस विचारले नाही. त्याचा हिशेब मामंजींच्या शरीराने चुकता केला.

वीज गेल्यावर काय करावे, हेही याच ओघात सांगते. दार उघडू नये. बंद कपाट साधारण चार तास अन्न सुरक्षित राखते. त्यानंतर दूध, शिजवलेला भात, मटण-मासे यांच्याबाबतीत वास घेऊन ठरवू नये. रोगजंतू वासावाचूनही वाढतात.

आपल्या आज्या-पणज्यांनी या कपाटावाचून संसार केले, हे खरे. बोस्टनहून जहाजाने कलकत्त्याला बर्फ आला तो १८३३ साली, आणि गोदरेजने भारतात फ्रीज बनविला तो १९५८ साली. आमच्या भागात तो घरोघरी यायला आणखी बराच काळ गेला. पण पूर्वी घरात इन्सुलिनची कुपीही नव्हती. आज एखाद्या म्हाताऱ्या माणसाचा जीव त्या पांढऱ्या पेटीच्या चार अंशांवर टांगलेला असतो. सोबतची माहितीपुस्तिका इंग्रजीत, कारागीर घाईत, आणि १९५६ साली राज्ये बदलली तरी आमची घरातली बोली मराठीच राहिली. म्हणून हे सारे मराठीत लिहून ठेवले. हे पान कापून फ्रीजच्या दारावर चिकटवले तरी चालेल. फक्त पाठीमागे वीतभर जागा सोडायला विसरू नये.

त्या आठवड्यात कारागीर पुन्हा येऊन गेला. पेल्यातला तापमापक पाहून त्याने विचारले, “किसने बनाया, अम्मा?” मी मामंजींकडे बोट दाखविले. ते ओट्यावर बसून शेंगा सोलत होते. म्हणाले, “मी काही केले नाही रे बाबा. नौबादला राहतो, एवढेच.”